तळटीप : ‘केऑस सिद्धान्ताचे जनक’
मूळ लेखकाने हे बिरुद एकट्या एडवर्ड लॉरेन्झ यांना बहाल केले आहे, ते जरा सैल हातानेच. १९६१ साली एमआयटीत हवामानाचे गणित संगणकावर पुन्हा चालवताना त्यांनी ०.५०६१२७ऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा भरला, आणि काही वेळाने दोन्ही उत्तरांची पुरती फारकत झाली. पण आरंभीचा किरकोळ फरक पुढे अवाढव्य होऊ शकतो, हे या सिद्धान्ताचे मर्म गणिती आन्री प्वँकारे यांना तीन गोलांच्या गुरुत्वाकर्षणाचा प्रश्न सोडवताना आधीच उमगले होते, तेही स्वतःच्याच बक्षीसपात्र निबंधातली चूक निस्तरताना. (१८९०च्या फेरछपाईचा खर्च त्यांनी पदरचा भरला, तो बक्षिसाच्या रकमेहून जास्त भरला!) मग लॉरेन्झ यांचे वेगळे श्रेय ते काय, असे कोणी विचारील. प्वँकारे यांच्यापाशी संगणक नव्हता. अशा गतीची गुंतागुंतीची आकृती काढण्याच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. लॉरेन्झ यांनी १९६३च्या निबंधात अवघ्या तीन समीकरणांतून तशी एक आकृती आकड्यांनिशी उभी केली. मात्र त्यातली बरीचशी आकडेमोड आणि आलेख त्यांच्या सहायिका एलन फेटर यांचे. त्यांचे नाव लेखक म्हणून नाही, आभारात आहे. ‘केऑस’ हा शब्द गणितात रुळला तो त्यानंतर, १९७५च्या ली आणि यॉर्क यांच्या निबंधामुळे. – संपा.