चार्टिस्ट चळवळ: सहा मागण्या, एक यंत्रणा

या टिपणात आपण ब्रिटनमधील चार्टिस्ट चळवळ पाहू. तिच्या सहा मागण्या तुम्ही पाठ केल्या असतील. पण त्या सहाच का, हे कळले तर पाठांतराची गरज उरत नाही.

पार्श्वभूमी

१८३२ च्या सुधारणा कायद्यासाठी कामगारही रस्त्यावर उतरले होते. शहरांत मत मिळाले ते मुख्यतः वर्षाला किमान १० पौंड भाडेमूल्याची जागा असणाऱ्या पुरुषांना. बहुतेक कामगार बाहेरच राहिले. म्हणून १८३८ मध्ये विल्यम लव्हेट या लाकूडकारागिराने फ्रान्सिस प्लेस यांच्या मदतीने 'जनतेची सनद' तयार केली.

मागण्या आणि त्यांची कारणे

१. २१ वर्षांवरील प्रत्येक पुरुषाला मत.
२. गुप्त मतदान: तेव्हा मत उघडपणे द्यावे लागे. मालकाला ते कळले, तर नोकरी जाण्याची भीती.
३. खासदारकीसाठी मालमत्तेची अट रद्द: नाहीतर मत कामगाराचे, पण उमेदवार श्रीमंतच.
४. खासदारांना वेतन: पगार सोडून कामगार संसदेत बसणार कसा?
५. समान मतदारसंघ: नाहीतर छोट्या गावाचे मत उद्योगनगरीतील मतापेक्षा वजनदार.
६. दरवर्षी निवडणूक: मतदारांना लाच देणे दरवर्षी परवडू नये.

पहिली मागणी हक्क देते. उरलेल्या पाच तो हक्क निकामी होण्याच्या वाटा बंद करतात. यंत्राचा एक भाग काढला की यंत्र अडते, तसेच हे.

घटनाक्रम

१८३९ च्या अर्जावर सुमारे १२.८ लाख, तर १८४२ च्या अर्जावर ३३ लाखांहून अधिक सह्या होत्या. संसदेने दोन्ही फेटाळले. १८३९ मध्ये न्यूपोर्ट येथे सैनिकांच्या गोळीबारात वीसच्या वर माणसे मेली. १८४२ च्या संपात कामगारांनी बॉयलरची बुचे काढून गिरण्यांची वाफेची इंजिने बंद पाडली. १८४८ चा तिसरा अर्जही निष्फळ ठरला आणि चळवळ ओसरली.

फलित

मालमत्तेची अट १८५८ मध्ये गेली. गुप्त मतदान १८७२ मध्ये, खासदारांना वेतन १९११ मध्ये आणि सर्व प्रौढ पुरुषांना मत १९१८ मध्ये आले. वार्षिक निवडणूक कधीच आली नाही. सनदेत स्त्रियांना स्थान नव्हते. पुरुषांइतकाच मताधिकार त्यांना १९२८ मध्ये मिळाला. चळवळ हरली, पण मागण्या टिकल्या.

विचार करा

भारतात १९५१-५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत स्त्री-पुरुष सर्व प्रौढांना मत होते. सहापैकी कोणत्या मागण्या आज आपल्याकडे पूर्णपणे लागू आहेत? कोणत्या फक्त कागदावर? कारणांसह लिहा.