तुम्ही किती देवांचे?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात गोंड घरी सोयरिकीची बोलणी निघाली की जाणती माणसे आधी आडनाव विचारतात आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘तुम्ही किती देवांचे?’ चार देवे, पाच देवे, सहा देवे आणि सात देवे असे हे गट. प्रत्येक गटात अनेक कुळे. एका गटातली कुळे एकमेकांची भावकी मानली जातात, त्यांच्यात लग्न होत नाही. म्हणजे मडावी, आत्राम, टेकाम, मरकाम ही आडनावे भाऊ कोण आणि सोयरा कोण, हे सांगत असतात. टेकाम हे नाव सागाशी आणि मरकाम आंब्याशी जोडलेले आहे, हेही ध्यानात घेण्याजोगे.

कुळाची ही कथा सांगण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या परधान करीत आले. किकरीच्या साथीने ते यजमानाच्या कुळाचा उगम आणि पूर्वजांची नावे गात. ज्या समाजाने लिहून ठेवले नाही, त्याचे दप्तर हे असे गळ्यात होते.

सरकारी दप्तराची गोष्ट निराळी. पुतणीच्या जात वैधता प्रमाणपत्रासाठी मला आमची वंशावळ कागदावर मांडावी लागली. 2000 सालच्या महाराष्ट्राच्या कायद्याने जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने 6 सप्टेंबर 1950 रोजी निघाली, म्हणून त्याआधीच्या नोंदीला वजन जास्त. आमच्या आजोबांच्या जन्माची नोंद कोतवाल बुकात मिळाली. तीत बापाचे नाव होते, ‘गोंड’ ही जात होती, आडनाव नव्हते! ‘मडावी’ हा शब्द प्रथम आला तो वडिलांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात. हे दोन कागद एकाच घरचे, हे दाखवले तलाठी दप्तरातल्या फेरफाराने. आजोबांच्या पश्चात वारस म्हणून वडिलांचे नाव त्यात चढले होते. तीन कागदांची साखळी जुळली आणि मुलीचा प्रवेश वाचला.

नावाची रूपे बदलतात, हेही शोधणाऱ्याने ओळखले पाहिजे. निजामाविरुद्ध लढताना 1940 साली जोडेघाटला धारातीर्थी पडलेले कुमराम भीम पाहा. तिकडे कुळाचे नाव आधी आणि माणसाचे नंतर. आपल्याकडे तेच कुळ ‘कुमरे’ म्हणून शेवटी लिहिले जाते. राजुरा तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, तेव्हा तिथले जुने कागद उर्दूत असले तर नवल नाही. 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याला फासावर गेलेले बाबुराव शेडमाके आज आपल्याला कुळाच्या नावाने ठाऊक आहेत. इंग्रजी अमदानीच्या लेखनात मात्र त्यांची ओळख जमीनदारीच्या गावावरून, मोलमपल्लीचे बाबुराव अशी येते. नुसते ‘शेडमाके’ शोधत बसणाऱ्याच्या हाती ते लागायचे नाहीत.

ही अडचण जगात इतरत्रही आहे. कॅनडातल्या फ्रेंच घराण्यांत मूळ आडनावापुढे ‘दी’, म्हणजे ‘ऊर्फ’, लावून दुसरे नाव जोडण्याची चाल होती. कधी ते शिपाईगिरीतले टोपणनाव असे, तर कधी गावाचे. पुढे एका भावाच्या वंशाने पहिले नाव धरले, दुसऱ्याच्या वंशाने दुसरे. पण तिथे चर्चच्या वह्यांत जन्म, लग्न, मृत्यू सतराव्या शतकापासून लिहिलेले आहेत. त्यांच्या आधारे तांग्वे नावाच्या पाद्र्याने 1871 पासून घराण्यांचा सात खंडी कोशच काढला.

आपल्याकडे अशी वही घरोघर करता येईल. घरातल्या वडीलधाऱ्यांना पणजोबांचे नाव, गाव, देवांची संख्या आणि आजी कोणत्या कुळातली, हे विचारून लिहून ठेवा. आजीचे कुळ विसरू नका. लग्नानंतर कागदावरून आधी तेच जाते. मग तहसील कचेरीतून कोतवाल बुकाची नक्कल काढा. हे मुलांचा प्रवेश तोंडावर येण्याआधी करा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)