शून्य अंशाची गोष्ट : उप्सालाची बाग आणि हिवाळा



मागच्या व्याख्यानानंतर आमच्याकडे एक प्रश्न आला. स्वीडनमध्ये राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलं होतं, "सर, दरवर्षी ऑक्टोबर लागण्याआधी मी तुळशीची कुंडी घरात घेते, खिडकीशी ठेवते, पाणी घालते. तरी जानेवारीत ती जाते. कढीपत्त्याचंही तेच. चुकतंय ते माझं की तिथल्या हवेचं?"

आता आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, बागकाम नाही. पण या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आपण थेट अठराव्या शतकातल्या उप्सालात जाऊन पोचतो. आणि गंमत अशी, की त्या ताईंच्या दोन्ही कुंड्यांची शास्त्रीय नावं त्याच गावाशी जोडलेली आहेत. तुळशीला 'ओसिमम सँक्टम' म्हणजे 'पवित्र' हे नाव 1767 साली दिलं ते उप्सालाच्या कार्ल लिनिअसनं. कढीपत्त्याच्या नावातला 'कोएनिगी' हा शब्द आला तो त्याचा शिष्य योहान कोएनिग याच्यावरून. हा कोएनिग दक्षिण भारतात तरंगमबाडीला येऊन राहिला होता. तेव्हा आजचं व्याख्यान लिनिअसच्या बागेवर, आणि ती बाग हिवाळ्याला कशी सामोरी जायची त्यावर.

उप्साला जवळजवळ साठाव्या अक्षांशावर आहे. डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा. कडक हिवाळ्यात पारा उणे वीसच्याही खाली जातो. अशा ठिकाणी 1655 मध्ये ओलोफ रुडबेक यानं विद्यापीठाची वनस्पतीबाग सुरू केली. 1702 च्या मोठ्या आगीत शहराबरोबर ती बागही होरपळली आणि पुढे कित्येक वर्षं पडून राहिली. लिनिअस 1741 मध्ये प्राध्यापक झाला तेव्हा ही पडीक बाग त्याच्या ताब्यात आली. त्यानं ती नव्यानं आखली. वास्तुकार कार्ल होर्लेमान याच्याकडून ऑरेंजरी बांधून घेतली. ऑरेंजरी म्हणजे मुळात संत्र्या-लिंबांची झाडं हिवाळ्यात ठेवायची जागा, दक्षिणेकडे मोठमोठ्या खिडक्या असलेली. उप्सालाच्या ऑरेंजरीत थंड, कोमट आणि उष्ण असे वेगवेगळे विभाग होते. माळीही त्यानं तसाच मिळवला. डिट्रिख निट्झेल त्याचं नाव. हॉलंडमध्ये क्लिफर्ड नावाच्या धनिकाच्या बागेत तो काम करून आला होता. त्याच बागेत 1736 मध्ये लिनिअसनं केळीला फुलं आणून दाखवली होती. आपल्या कोकणात केळ न्हाणीच्या सांडपाण्यावर परसात वाढते. तिथे मात्र तिला आधी काही आठवडे कोरडं ठेवून मग भरपूर पाणी द्यावं लागलं. म्हणजे आपल्याकडचा उन्हाळा आणि पावसाळा काचेच्या खोलीत घडवावा लागला.

आता हिवाळ्याची तयारी म्हणजे नेमकं काय, ते पाहू. थंड देशातल्या माळ्यापुढे शरद ऋतूत पहिला प्रश्न असतो तो निवडीचा. कोण बाहेर राहील, कोण आत येईल? लॉरेलसारखी झाडं आत घेतली की पुरतं. शून्याच्या थोडी वर असलेली थंड खोली त्यांना चालते. केळीला ती चालत नाही, तिला ऊब लागते. बाहेर राहणाऱ्यांसाठी वाफ्यांवर गळलेली पानं पसरायची, स्प्रूसच्या फांद्या अंथरायच्या. त्यावर बर्फ पडला की उत्तमच. आपल्याला वाटतं बर्फ म्हणजे झाडाचा काळ. प्रत्यक्षात भुसभुशीत बर्फ ही मुळांवरची गोधडी असते, कारण त्यात हवा अडकलेली असते. खरा धोका असतो तो बर्फाविना पडणाऱ्या कोरड्या गारठ्याचा. आणखी एक धोका म्हणजे जमीन दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठणं; तशानं मुळं वर उचलली जातात. आणि उन्हाळा संपत आला की खत बंद करायचं. उशिरा खत घातलं तर कोवळे धुमारे फुटतात, आणि पहिल्या गारठ्यात तेच आधी जातात.

आत घेतलेल्या झाडांचा प्रश्न वेगळा. रात्री शेगडी कधी पेटवायची? उगाच पेटवली तर लाकूड वाया जातं आणि झाडंही सुकतात. उशिरा पेटवली तर सकाळी सगळं काळं पडलेलं. इंग्लंडमधला जॉन एव्हलिन यानं 1664 मध्ये महिनेवार बागकामाचं पुस्तक काढलं. त्यात त्यानं साधी युक्ती दिली आहे. ग्रीनहाऊसमध्ये पाण्याची बशी किंवा ओलं फडकं ठेवा. ते गोठायला लागलं की कोळसे पेटवा.

मंडळी, ही बशी लक्षात ठेवा. आपल्या आजच्या विषयाचं मर्म त्या बशीत आहे.

उप्सालातच अँडर्स सेल्सिअस नावाचे खगोलशास्त्राचे प्राध्यापक होते, लिनिअसचे सहकारी. 1742 मध्ये त्यांनी शंभर अंशांची तापमापनाची पद्धत मांडली. पण ती आजच्या उलट होती. पाणी उकळतं तिथे 0 आणि गोठतं तिथे 100. म्हणजे आज आपण ज्याला उणे वीस म्हणतो ते त्यांच्या पट्टीवर 120 झालं असतं. नोंदवहीत उणे चिन्ह लिहायची कटकट नाही, वेधशाळेच्या दृष्टीनं हे सोयीचंच. 1744 मध्ये सेल्सिअस वारले आणि पुढे ही पट्टी उलटली. ती कोणी उलटली यावर अभ्यासकांत वाद आहे. लिनिअसचं नाव घेतात, उपकरणं बनवणारा डॅनियल एकस्ट्रॉम याचं घेतात, सेल्सिअसच्या जागी आलेल्या स्ट्रोमरचंही घेतात. फ्रान्समध्ये लियाँ शहरात क्रिस्तँ यांनी स्वतंत्रपणे 1743 मध्येच गोठणबिंदूला 0 धरलं होतं. आम्हाला या वादाचा निकाल द्यायचा नाही. पण एक कागद मात्र आपल्यासमोर आहे. डिसेंबर 1745 चा, लिनिअसच्या हाताखाली लिहिलेला उप्सालाच्या बागेवरचा प्रबंध. त्यात उष्ण विभागाबद्दल म्हटलं आहे, की खिडक्यांतून येणाऱ्या उन्हानंच तिथला तापमापक पुष्कळदा 30 पर्यंत चढतो. दक्ष माळी तो 20 ते 25 च्या वर जाऊ देत नाही आणि हिवाळ्यात 15 च्या खाली उतरू देत नाही.

हे आकडे आपले रोजचे आकडे आहेत, हो ना? आज सकाळी मोबाईलवर आपण जे अंश पाहिले तेच. आणि या पद्धतीच्या अगदी सुरुवातीच्या वापरांपैकी एक सापडतो तो ऐन हिवाळ्यात, बागेतल्या काचघरात. विचार केला तर हे साहजिक आहे. उकळतं पाणी माळ्याच्या काय कामाचं? त्याचं सगळं लक्ष पाणी गोठतं कधी त्याकडे. एव्हलिनच्या बशीत माळ्याचा शून्य आधीपासून होताच. तापमापकानं त्याला आकडा दिला आणि आणखी एक मोठी सोय केली. बशी गोठल्यावर सांगते, तापमापक आधी सांगतो. आणि बशीला शून्यच कळतो, केळीचा 15 कळत नाही. प्रत्येक झाडाची स्वतःची एक मर्यादा असते, आणि ती मोजता येते, हा विचार या आकड्यांबरोबर पक्का झाला.

आता थोडं तत्त्वज्ञान; त्याशिवाय आम्हाला चैन पडणार नाही. 1751 मध्ये लिनिअसचा 'फिलॉसॉफिया बोटॅनिका' हा ग्रंथ आला. त्यात त्यानं एक सुरेख शब्द वापरला आहे, 'हायबरनाकुलम'. म्हणजे हिवाळी मुक्काम. झाडाची कळी, जिच्यावर खवले असतात, आणि जमिनीखालचा कंद, हे झाडाचे स्वतःचे हिवाळी मुक्काम, असं तो म्हणतो. पुढच्या वर्षीचं झाड आत गुंडाळून ठेवलेलं असतं. आजचं विज्ञान यात भर घालतं. दिवस लहान होऊ लागले की थंड देशातलं झाड वाढ थांबवतं, पेशींत साखर साठवतं, बर्फ झालाच तर तो पेशींच्या आत न होता त्यांच्या मधल्या जागेत व्हावा अशी सोय करतं. ही तयारी आठवड्या-आठवड्यांनी होते. म्हणजे हिवाळ्याची खरी तयारी झाडच करत असतं. ज्याला ती येत नाही त्याच्यासाठी माणसाला ऑरेंजरी बांधावी लागते.

इतकं स्वच्छ समजलेल्या माणसानं पुढे काय केलं? तेच तर कुतूहलाचं आहे. लिनिअसला वाटायचं की उष्ण देशातल्या झाडांना हळूहळू सवय लावली तर ती थंडीतही वाढतील. स्वीडनचा पैसा चहा-मसाल्यांपायी परदेशी जातो याची त्याला खंत होती. चहा स्वीडनमध्येच पिकवावा म्हणून तो वर्षानुवर्षं धडपडला. एकदा आलेलं झाड चहाचं नसून कॅमेलियाचं निघालं. अखेर 1763 मध्ये कॅप्टन एकेबर्ग यानं जिवंत चहाची रोपं आणून पोचवली, केवढा आनंद झाला असेल! पण स्वीडनमध्ये चहाचे मळे काही झाले नाहीत. देशप्रेम खरं होतं, कष्ट खरे होते, पण झाडाच्या आतला निवारा शिकवून येत नाही. तो त्या जातीनं पिढ्यान् पिढ्या मिळवलेला असतो. एका कुंडीतल्या एका झाडाला तो आपल्या आग्रहासाठी उत्पन्न करता येत नाही.

उलट सायबेरियातून आलेली झाडं पाहा. 1758 मध्ये लिनिअसनं उप्सालाजवळ हामरबी इथे शेतवाडी घेतली. तिथे सायबेरियातल्या झाडांचा एक वाफा होता, त्याला 'सायबेरिया'च म्हणत. त्यातली कोरिडॅलिस नोबिलिस नावाची पिवळ्या फुलांची वनस्पती खरं तर त्यानं मागवलीच नव्हती. एरिक लाक्समनकडे त्यानं दुसऱ्याच फुलाचं बी मागितलं होतं. पण ती आजही हामरबीला दर वसंतात फुलते, कुणी झाकत नाही, कुणी आत नेत नाही. ज्याचा हट्ट धरला ते गेलं, चुकून आलं ते टिकलं. आणि ज्यांना आत घ्यायला हवं हे ओळखून सांभाळलं, तीही टिकली. लिनिअसच्या काळातली चार लॉरेलची झाडं उप्सालाच्या ऑरेंजरीत आजही जतन केलेली आहेत.

आपल्याकडचा एक धागाही इथे सांगायला हवा. लिनिअसचा ज्या मोजक्या ग्रंथांवर भरवसा होता त्यांतला एक 'होर्तुस मलाबारिकुस', 1678 ते 1693 या काळात बारा खंडांत ॲम्स्टरडॅमला छापलेला. त्याच्या कामात इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तिघे कोंकणी वैद्य होते. त्यांचं 1675 चं नागरी लिपीतलं कोंकणी प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेलं आहे. मलबार किनाऱ्यावरच्या झाडांची ओळख अशी पुस्तकातून उप्सालापर्यंत पोचली. झाडं पोचवणं मात्र वेगळं. ज्ञान गोठत नाही, झाड गोठतं.

आता ताईंना उत्तर. तुमचं चुकत नाही, आणि हवेचंही चुकत नाही. रात्रीचा पारा दहा-बाराच्या आसपास येऊ लागला की कुंडी आत घ्या, पहिल्या गारठ्याची वाट पाहू नका. दक्षिणेची खिडकी द्या, पण रात्री काचेला पानं टेकू देऊ नका. पाणी कमी करा. अंधाऱ्या दिवसांत जास्त पाण्यानंच मुळं कुजतात. कढीपत्त्यानं पानं गाळली तर लगेच टाकून देऊ नका, मार्चपर्यंत धीर धरा. जमल्यास दिवा लावा, कारण थंडीइतकीच अंधारानंही झाडं जातात.

आणि एवढं करूनही तुळस जाऊ शकते. म्हणून उन्हाळ्यातच मंजिऱ्या वाळवून ठेवा. तुळशीला थंडीतली कळी नाही, कंद नाही, पण बी आहे, आणि बी हाच तिचा हिवाळी मुक्काम. आपल्याकडे कार्तिकात तुळशीचं लग्न लागतं, तेव्हा तुमच्याकडे जमीन गोठायला लागलेली असते. त्या दिवशी कुंडीत झाड असलं तर उत्तम. नसलं तर कागदाच्या पुडीतलं बी ठेवा समोर. वसंतात पेरायचं आहेच.

आज इथेच थांबू. नमस्कार.