विदर्भाचा रणजी संघ आणि वऱ्हाड

विदर्भाचा क्रिकेट संघ रणजी करंडकात पहिल्यांदा उतरला तो १९५७-५८च्या हंगामात आणि करंडक त्याच्या हाती आला २०१७-१८मध्ये. मधली साठ वर्षे हा संघ बहुतेक वेळा हरत आला. विदर्भाबाहेर त्याची दखल घ्यायचे कोणाला कारण नव्हते. विदर्भातही त्याचे कौतुक असले तर ते नागपूरपुरते. सातपुड्याच्या पायथ्याशी, नागपूरपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या, वऱ्हाडातल्या अकोटसारख्या तालुक्याच्या गावी या संघाची भेट व्हायची ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या धावफलकात. तोही सामन्याच्या दुसऱ्या दिवशी. रणजीचा हंगाम पडतो कापसाच्या वेचणीपासून हरभऱ्याच्या काढणीपर्यंतच्या महिन्यांत. त्या दिवसांत गावात भाव विचारला जातो तो कापसाचा.

धावफलकावरचे नाव मात्र एके काळी वऱ्हाडाचेही होते. १९३४-३५मध्ये रणजी करंडक सुरू झाला तेव्हा या भागाचा संघ ‘मध्य प्रांत आणि वऱ्हाड’ या नावाने खेळला. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा हे आठ मराठी जिल्हे मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. त्या पाठोपाठच्या हंगामात विदर्भाचा स्वतंत्र संघ उभा राहिला आणि वऱ्हाड हे नाव त्या मोठ्या नावात विरून गेले. १९६०मध्ये महाराष्ट्र राज्य झाले तरी क्रिकेटचा नकाशा बदलला नाही. एकाच राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ राहिले, ते आजही आहेत. वेगळ्या विदर्भाची मागणी राजकारणात अजून मागणीच आहे. क्रिकेटात तो १९५७पासून नांदतो आहे.

हा संघ इतकी वर्षे मागे का राहिला, याची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. पूर्वी रणजीची साखळी विभागवार खेळली जाई आणि विदर्भ मध्य विभागात होता. त्या विभागात राजस्थानचा संघ साठच्या दशकात पुन्हापुन्हा अंतिम फेरी गाठत होता. उत्तर प्रदेश आणि रेल्वे हेही सोपे प्रतिस्पर्धी नव्हते. विभागातले वरचे संघ तेवढे बाद फेरीत जात, बाकीच्यांचा हंगाम तिथेच संपे. २००२-०३पासून संघांची एलिट आणि प्लेट अशी विभागणी झाली, तेव्हा विदर्भाच्या वाट्याला पुष्कळ हंगाम खालची प्लेट आली.

दुसरे कारण खेळाडूंच्या निघून जाण्याचे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू १८९५मध्ये नागपुरात जन्मले, पण त्यांचे नाव जोडले गेले ते इंदूरच्या होळकर संघाशी. नव्वदच्या दशकात भारताकडून एकदिवसीय सामने खेळलेला नागपूरचा वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य काही काळ बंगालकडूनही खेळला. इथे खेळून निवडकर्त्यांच्या नजरेत येता येत नाही, असा समज खेळाडूंमध्ये होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता.

मैदानाचे दुःख मात्र विदर्भाला कधी नव्हते. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या मैदानावर १९६९मध्ये भारत आणि न्यूझीलंड यांच्यात कसोटी झाली आणि ती न्यूझीलंडने जिंकली. २००८च्या नोव्हेंबरात कसोटी क्रिकेट शहराबाहेर जामठ्याच्या नव्या मैदानावर गेले. मोठे सामने नागपूरला येत होते, तिथल्या खेळपट्ट्यांची चर्चा देशभर होत होती. यजमानांचा स्वतःचा संघ तेवढा तळाशी होता.

पालटाची पहिली ठळक खूण म्हणजे उमेश यादव. वडील कोळसा खाणीत कामाला, खापरखेड्याजवळच्या वलनीत घर, आणि टेनिस चेंडूवर कमावलेला वेग. २००८-०९च्या हंगामात तो विदर्भाकडून पहिला रणजी सामना खेळला आणि २०११च्या नोव्हेंबरात दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटीत उतरला. विदर्भाकडून खेळत असताना कसोटी संघात गेलेला तो पहिला खेळाडू. बाहेर न जाताही वर जाता येते, हे त्यामुळे सगळ्यांना दिसले. पुढे फैज फझललाही भारताची टोपी मिळाली. २०१६मध्ये झिम्बाब्वेत तो एकच एकदिवसीय सामना खेळला, त्यात नाबाद ५५ धावा केल्या आणि पुन्हा कधी बोलावला गेला नाही.

याच काळात विदर्भ क्रिकेट संघटनेने दोन गोष्टी केल्या. नागपुरात अकादमी उभारून जिल्ह्याजिल्ह्यातली मुले लहान वयातच तिथे आणायला सुरुवात केली आणि बाहेरचे अनुभवी फलंदाज संघात घेतले. तामिळनाडूचा बद्रीनाथ कर्णधार म्हणून आला, कर्नाटकचा गणेश सतीश आला, २०१५मध्ये मुंबईचा वसीम जाफर आला. पारस म्हांब्रे यांच्या प्रशिक्षणाखाली संघाने २०१४-१५ आणि २०१५-१६ असे सलग दोन हंगाम उपांत्यपूर्व फेरी गाठली. बाहेरचे खेळाडू घेण्याची पद्धत बऱ्याच संघांत होती आणि बऱ्याच ठिकाणी ती नुसती पैशांची उधळण ठरली. विदर्भात ती फळाला आली, कारण या पाहुण्यांच्या जोडीला घरची मुलेही तयार होत होती.

२०१७-१८मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक झाले आणि फैज फझल कर्णधार होता. फझलने त्या हंगामात ९१२ धावा केल्या. सुरतेत उपांत्यपूर्व सामन्यात केरळचा ४१२ धावांनी पराभव झाला. खरी कसोटी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर लागली. उपांत्य सामन्यात विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत आटोपला आणि करुण नायरच्या १५३ धावांच्या जोरावर कर्नाटकाने ३०१ केल्या. दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ जमवून समोर १९८ धावांचे आव्हान ठेवले. चौथ्या दिवसअखेर कर्नाटक ७ बाद १११. पाचव्या सकाळी शेपटाने चिवटपणे धावा काढल्या आणि अंतर दहाच्या आत आले. तेव्हा शेवटचा गडी रजनीश गुरबाणीने बाद केला. विदर्भ ५ धावांनी जिंकला. गुरबाणीचे दुसऱ्या डावात ७ बळी होते आणि सामन्यात १२. स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेला हा मध्यमगती गोलंदाज तोवर विदर्भाबाहेर कोणाला फारसा माहीत नव्हता.

अंतिम सामना दिल्लीशी, इंदूरला, होळकर मैदानावर, २९ डिसेंबर २०१७पासून. अकोटकरांसाठी इंदूर हे परके गाव नव्हे. अकोल्याहून अकोटमार्गे मेळघाट ओलांडून खंडव्याकडे आणि पुढे महू-इंदूरकडे जाणारी मीटरगेज गाडी कैक वर्षे या गावावरून धावली. अंतिम सामना झाला त्याच्या साधारण वर्षभर आधी, २०१७च्या सुरुवातीला, रुंदीकरणासाठी ती बंद झाली होती.

दिल्लीच्या डावात ध्रुव शोरे ठाण मांडून बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरबाणीने एका षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर विकास मिश्रा आणि नवदीप सैनी यांचा त्रिफळा उडवला. मग षटक बदलले, चेंडू दुसऱ्या टोकाकडून पडला, आणि गुरबाणी पुन्हा आला तेव्हा पहिल्याच चेंडूवर १४५ धावांवरचा शोरे त्रिफळाचीत झाला. तीन चेंडू, तीन त्रिफळे. रणजीच्या अंतिम सामन्यात यापूर्वी हॅटट्रिक एकदाच झाली होती, तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमने १९७२-७३मध्ये मुंबईविरुद्ध. दिल्ली २९५. विदर्भाने उत्तरात ५४७ धावा केल्या. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने आपले पहिले प्रथमश्रेणी शतक नेमके याच सामन्यात ठोकले, १३३ धावांचे. १ जानेवारी २०१८ला अवघ्या २९ धावांचे लक्ष्य एक गडी गमावून पार झाले.

या सामन्यात विदर्भाकडून पहिलाच प्रथमश्रेणी सामना खेळणारा एक वेगवान गोलंदाज होता, अकोल्याचा आदित्य ठाकरे. एकोणीस वर्षांचा. रणजी पदार्पण थेट अंतिम सामन्यात आणि पहिल्याच सामन्यात करंडक, असा योग फार कमी जणांच्या वाट्याला येतो. महिना उलटायच्या आत, जखमी ईशान पोरेलचा पर्याय म्हणून, त्याला न्यूझीलंडला १९ वर्षांखालील विश्वचषकासाठीही बोलावणे आले.

त्याच हंगामात विदर्भाच्या १९ वर्षांखालील संघाने कूचबिहार करंडक पहिल्यांदा जिंकला. मध्य प्रदेशविरुद्धच्या अंतिम सामन्यात ३२० धावा केल्या त्या डावखुऱ्या अथर्व तायडेने. तोही अकोल्याचा. वऱ्हाडातल्या वाचकाने धावफलक खालीवर दोनदा वाचावा असे दिवस इथून सुरू झाले.

तालुक्याच्या पोराला या संघापर्यंत जायची वाट लांबच आहे. गावात चषकांच्या स्पर्धा होतात त्या टेनिस चेंडूवर. चामडी चेंडू, नेट आणि बरी खेळपट्टी हवी असेल तर अकोटहून पंचेचाळीस किलोमीटरवर अकोला गाठावे लागते. तिथून जिल्हा संघ, वयोगटांच्या निवड चाचण्या, आंतरजिल्हा सामने, आणि मग नागपूर. नागपुरातल्या मुलाला गुझदर लीगचे सामने घराजवळ मिळतात. वऱ्हाडातल्या मुलाला त्यासाठी घर सोडावे लागते. म्हणून वऱ्हाडचा एक खेळाडू संघात दिसला की त्यामागे पालकांनी काढलेल्या बऱ्याच एसटीच्या तिकिटांचा हिशेब धरावा.

२०१८-१९मध्ये विदर्भाने करंडक राखला आणि लागोपाठ दोनदा जिंकणारा तो सहावा संघ ठरला. वसीम जाफरने वयाच्या चाळिशीत त्या हंगामात हजारावर धावा केल्या. जामठ्यावरच्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचा ७८ धावांनी पराभव झाला. डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटेने ११ बळी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एक धाव करू दिली.

विदर्भाला इराणी करंडक मिळवून देणाऱ्या दोन सामन्यांची नोंद वेगळी करायला हवी. मार्च २०१८मध्ये नागपुरात शेष भारताविरुद्ध विदर्भाने ७ बाद ८०० धावांवर डाव घोषित केला, त्यात जाफरच्या २८६. पुढच्या वर्षीच्या सामन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या अक्षय कर्णेवारने पहिल्या डावात शतक केले आणि शेवटच्या दिवशी तायडेने ७२ धावा काढल्या. सामना चालू असतानाच पुलवामाचा हल्ला झाला. बक्षिसाची रक्कम हुतात्मा जवानांच्या कुटुंबांना देत असल्याचे कर्णधार फझलने जाहीर केले. कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. नोव्हेंबर २०२१मध्ये मणिपूरविरुद्धच्या टी-ट्वेंटी सामन्यात त्याने चार षटके टाकली, चारही निर्धाव, आणि दोन बळी घेतले. पुरुषांच्या टी-ट्वेंटीत असे तोवर कधी झाले नव्हते. अमरावतीचा यष्टिरक्षक जितेश शर्मा २०२३मध्ये भारताच्या टी-ट्वेंटी संघात गेला. त्याआधी २०१९मध्ये अमरावतीचीच भारती फुलमाळी महिला संघाकडून खेळली होती.

मधली काही वर्षे संघ मागे पडला. २०२३-२४मध्ये तो पुन्हा अंतिम फेरीत आला, तेव्हा त्याच्या फलंदाजीत दोन ओळखीची नावे होती: करुण नायर आणि ध्रुव शोरे. २०१७-१८च्या उपांत्य आणि अंतिम सामन्यांत ज्या दोघांनी विदर्भाविरुद्ध शतके केली होती, तेच आता विदर्भाकडून खेळत होते. वानखेडेवर मुंबईने तो सामना १६९ धावांनी जिंकला. ५३८ धावांचा पाठलाग करताना कर्णधार वाडकरने शतक केले, पण लक्ष्यच आवाक्याबाहेरचे होते.

पुढच्या हंगामात, उस्मान घनी प्रशिक्षक असताना, विदर्भाने उपांत्य सामन्यात मुंबईची परतफेड केली आणि २६ फेब्रुवारी २०२५पासून जामठ्यावर केरळविरुद्ध अंतिम सामना खेळला. ३ बाद २४ अशा अवस्थेतून तरुण दानिश मालेवार आणि नायर यांनी २१५ धावांची भागी केली. मालेवार १५३. सामना अनिर्णित राहिला, पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. हर्ष दुबेने हंगामात ६९ बळी घेऊन रणजीचा एका हंगामाचा विक्रम मोडला. केरळकडून त्या अंतिम सामन्यात ७९ धावा करून विदर्भाला सतावणारा फलंदाज होता आदित्य सरवटे. सहा वर्षांपूर्वी याच मैदानावर विदर्भाला करंडक जिंकून देणारा हा खेळाडू आता केरळचा पाहुणा होता. एके काळी विदर्भातले खेळाडू संधीच्या शोधात बाहेर जात. सरवटेला दुसऱ्या संघाने अनुभवासाठी बोलावून घेतले होते.

रुंदीकरणानंतर अकोला-अकोट गाडी नोव्हेंबर २०२२मध्ये सुरू झाली. अकोटच्या पुढे खंडव्यापर्यंतचा मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पामुळे रखडला. संघाची वाटचाल मात्र चालू राहिली. ऑक्टोबर २०२५मध्ये विदर्भाने नागपुरात शेष भारताला ९३ धावांनी हरवून इराणी करंडक तिसऱ्यांदा जिंकला. पहिल्या डावात १४३ धावा करून सामनावीर ठरला तो अकोल्याचा अथर्व तायडे.