बुडता संघ आणि पेन्सिलवाला विंग कमांडर

पडत्या काळातून जाणारा संघ पुढच्या सामन्यात काय करील, त्यातला कोणता खेळाडू चालेल, हा प्रश्न आज आपण संगणकाला विचारतो. फेब्रुवारी १९५१ मध्ये पश्चिम लंडनमधील ब्रेंटफर्ड क्लबने तो ब्रिटिश हवाई दलातील एका हिशेबनिसाला विचारला. त्याच्याजवळ होती पेन्सिल, वही आणि स्वतः तयार केलेली खुणांची एक सांकेतिक लिपी. आजचा धागा या चार्ल्स रीप यांच्याविषयी आहे. थोडा लांब आहे, सवडीने वाचा.

आधी पार्श्वभूमी. फुटबॉलचे भाकीत करणे हा त्या काळच्या इंग्लंडचा घरगुती उद्योग होता. १९२३ मध्ये लिव्हरपूलच्या जॉन मूर्स यांनी दोन मित्रांसह ‘लिटलवुड्स पूल्स’ सुरू केले. मँचेस्टर युनायटेडच्या मैदानाबाहेर त्यांनी ४,००० कूपने वाटली, त्यांतली अवघी ३५ भरून परत आली. पुढे मात्र लाखो कुटुंबे दर आठवड्याला असे कूपन भरू लागली. तरीही या भाकितांमागे हिशेब जवळजवळ नव्हताच. वर्तमानपत्रातला निकाल, शेजाऱ्याचे मत आणि उरलेला सगळा अंदाज.

रीप यांचा जन्म १९०४ चा, कॉर्नवॉलमधला. (ब्रेंटफर्डचे ग्रिफिन पार्क हे मैदानही १९०४ मध्येच सुरू झाले. योगायोगच, पण नोंदवून ठेवावासा वाटला.) १९३३ मध्ये आर्सेनलच्या चार्ल्स जोन्स यांनी हवाई दलाच्या तळावर हर्बर्ट चॅपमन यांच्या खेळपद्धतीवर व्याख्याने दिली आणि रीप फुटबॉलच्या विश्लेषणाकडे ओढले गेले. प्रत्यक्ष मोजणी सुरू व्हायला मात्र आणखी सतरा वर्षे लागली. १८ मार्च १९५० रोजी ते स्विंडन टाउन विरुद्ध ब्रिस्टल रोव्हर्स हा सामना पाहत होते. पूर्वार्धात स्विंडनचे हल्ल्यांमागून हल्ले झाले, गोल एकही नाही. वैतागलेल्या रीप यांनी उत्तरार्धात वही काढली आणि स्विंडनची प्रत्येक चढाई टिपायला सुरुवात केली. भरल्या त्या १४७. गोल झाला एक.

त्यांच्यातला हिशेबनीस जागा झाला तो इथे. संपूर्ण सामन्यात साधारण २८० चढाया आणि दोन गोल धरले, तर ९९.२९ टक्के प्रयत्न वाया जातात. मग २८० पैकी आणखी एक चढाई सफळ झाली की दोनाचे तीन गोल होतात! सुधारणा एका टक्क्याच्याही आतली, परिणाम मात्र सामना फिरवणारा. आज हा विचार साधा वाटतो, पण तेव्हा तो कुणी असा आकड्यांत मांडला नव्हता. खेळाडूचे ‘मन’, संघाची ‘जिगर’ आणि कर्णधाराचा ‘दरारा’ याच भाषेत फुटबॉल बोलला जाई.

ब्रेंटफर्डला या हिशेबाची निकड होती. १९४७ मध्ये क्लब पहिल्या श्रेणीतून खाली आला होता आणि आता तिसऱ्या श्रेणीची भीती समोर होती. तिसरी श्रेणी म्हणजे मैदानावरची गर्दी ओसरणे आणि तिकिटांचे उत्पन्न आटणे. खेळाडूंच्या पगाराला तेव्हा कमाल मर्यादा होती. १९५१ मध्ये ती वाढून आठवड्याला १४ पौंड झाली, म्हणजे खेळाडूकडेही गाठीला फारसे काही नसे. याच संघात जिमी हिल होते, ज्यांच्या नेतृत्वाखालील लढ्यामुळे १९६१ मध्ये ही पगारमर्यादा उठली, आणि पुढे इंग्लंडचे व्यवस्थापक झालेले रॉन ग्रीनवुडही होते. व्यवस्थापक जॅकी गिबन्स यांनी रीप यांना अर्धवेळ सल्लागार म्हणून बोलावले. चेंडू लवकर पुढे धाडा, चढाया वाढवा, आपल्याच अर्ध्यात पास खेळत बसू नका, असा त्यांच्या सल्ल्याचा गाभा होता. संघाचे गोल वाढले, घसरण टळली, आणि हंगाम संपला तेव्हा ब्रेंटफर्ड तक्त्याच्या वरच्या अर्ध्यात होता.

फुटबॉलच्या पुस्तकांत ही कथा बहुधा इथेच थांबते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र इथे थांबता येत नाही, कारण ‘त्यानंतर घडले, म्हणून त्यामुळे घडले’ ही वाक्यरचना आपल्या चांगलीच परिचयाची आहे. बखरकार स्वारीपूर्वीच्या शुभशकुनाला विजयाचे श्रेय देतात, तेव्हा आपण हसतो. मग सल्लागाराला द्यायचे का?

या शंकेचे मूळ १८८६ मध्ये सापडते. त्या वर्षी फ्रान्सिस गाल्टन यांनी आईवडील व मुलांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. फार उंच आईवडिलांची मुले उंच असतात, पण आईवडिलांइतकी नव्हे. फार बुटक्यांची मुले त्यांच्यापेक्षा थोडी उंच निघतात. टोकाची स्थिती सहसा टिकत नाही, पुढची नोंद सरासरीकडे सरकते. संघ सल्लागार शोधतो किंवा व्यवस्थापक बदलतो, तो नेमका त्याच्या सर्वांत वाईट काळात. म्हणजे पुढे सुधारणा दिसण्याची शक्यता आधीच जास्त असते. डच अर्थतज्ज्ञ बास टेर वेल यांनी १९८६ ते २००४ या काळातील नेदरलँड्समधील क्लब तपासून २०११ मध्ये हेच दाखवले. घसरणीनंतर ज्यांनी व्यवस्थापक बदलला ते सावरले, आणि तशाच घसरणीनंतर ज्यांनी तो बदलला नाही तेही जवळपास तसेच सावरले. १९५१ च्या ब्रेंटफर्डबाबत असा तुलनेचा संघ आपल्याजवळ नाही. म्हणून रीप यांचे श्रेय शून्य ठरत नाही, ते फक्त सिद्ध होत नाही.

आता एका खेळाडूकडे वळू, कारण संघ बुडू लागला की बोट बहुधा आघाडीवीराकडे वळते. गोलांमागे किती फटके लागतात, हे रीप यांनी वर्षानुवर्षे मोजले. प्रमाण ढोबळमानाने नऊदहा फटक्यांना एक गोल असे भरत असे. समजा, एक आघाडीवीर दर सामन्यात तीन फटके मारतो आणि प्रत्येक फटक्याला गोलाची शक्यता नवांत एक आहे. तर एखाद्या सामन्यात तो निदान एक गोल करील, याची शक्यता सुमारे ३० टक्के. सलग पाच सामने तो कोरडा राहील, याची शक्यता सुमारे १७ टक्के, म्हणजे सहांत एक! त्याचा खेळ कणभरही बिघडलेला नाही, पायही तेच आहेत आणि नजरही तीच. पण पाचव्या शनिवारी प्रेक्षक हुर्यो उडवतात, सहाव्या शनिवारी तो राखीव बाकावर असतो. सातव्या सामन्यात परतून त्याने गोल केला, तर ‘विश्रांतीमुळे सूर गवसला’ असे छापून येते. फँटसी लीगमध्ये ‘फॉर्म’चा रकाना पाहून कर्णधार निवडणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतः करून पाहावे.

योगायोग असा की त्याच १९५१ मध्ये एम. जे. मोरोनी यांचे ‘फॅक्ट्स फ्रॉम फिगर्स’ हे सांख्यिकीचे पुस्तक आले. त्यात ४८० फुटबॉल सामन्यांतले गोल पॉयसन वितरणाशी ताडून पाहिले आहेत. हे तेच वितरण, ज्याच्या साह्याने बोर्टकीविच यांनी १८९८ मध्ये घोड्याच्या लाथेने दगावलेल्या प्रशियन सैनिकांचा हिशेब मांडला होता. साधे वितरण गोलांना पुरते जुळले नाही. प्रत्येक सामन्यातला गोलांचा वेग वेगळा असतो हे गृहीत धरल्यावर ते बरेच जुळले. म्हणजे कौशल्याने वेग ठरतो आणि प्रत्यक्ष गोल त्या वेगाभोवती दैवाप्रमाणे पडतात. एका सामन्याचे भाकीत इतके कठीण का, हे यावरून कळते.

रीप यांची मोठी चूक मात्र वेगळीच होती, आणि ती त्यांच्याच आकड्यांत दडली होती. १९६८ मध्ये त्यांनी बर्नार्ड बेंजामिन यांच्यासह रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या नोंदींनुसार सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासच्या चालींतून येत. रीप यांचा निष्कर्ष होता की छोट्या चालीच खेळाव्यात. पण एकूण चालींपैकी ९० टक्क्यांहून अधिक चालीही तेवढ्याच छोट्या होत्या! सोयीसाठी १,००० चाली आणि १० गोल धरा. ९१० छोट्या चालींतून ८ गोल, म्हणजे ११४ चालींमागे एक. ९० लांब चालींतून २ गोल, म्हणजे ४५ चालींमागे एक. दुप्पटीहून अधिक फलदायी ठरल्या त्या लांब चाली. सगळी मोजणी अचूक, फक्त भागाकार करायचा राहिला.

आणि हा राहिलेला भागाकार इंग्लिश फुटबॉलला पुढची काही दशके भोवला, असे माझे मत आहे. चेंडू उंच उडवून पुढे धाडणाऱ्या शाळेला आकड्यांचा आधार मिळाला आणि आकड्यांशी वाद घालायला तेव्हा कुणी तयार नव्हते. तरी रीप यांना केवळ खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. प्रतिस्पर्ध्याच्या गोलाजवळ चेंडू हिसकावला तर गोलाची संधी कितीतरी वाढते, हेही त्यांनीच मोजून दाखवले, आणि आजचे आघाडीचे संघ त्याच तत्त्वावर धावतात. १९५८ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना तर त्यांनी वॉलपेपरच्या गुंडाळीवर टिपला. ते २००२ मध्ये वारले.

ब्रेंटफर्डला १९५१ ची सुटका फार पुरली नाही. १९५४ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत गेलाच.

या क्लबची आकड्यांशी पुन्हा गाठ पडली ती २०१२ मध्ये. सांख्यिकी प्रारूपांवर पैजा लावून श्रीमंत झालेले मॅथ्यू बेनम हे त्याचे मालक झाले. त्यांची पद्धत निकालापेक्षा संधी मोजण्याची: फटका कुठून मारला, किती मोकळीक होती, अशा जागेवरून एरवी किती गोल होतात. यालाच आज ‘अपेक्षित गोल’ म्हणतात. मागच्या पाच सामन्यांतल्या गोलांपेक्षा या संधींवरून खेळाडूचे पुढचे गोल अधिक विश्वासाने सांगता येतात, कारण गोल मोजके असतात आणि संधी पुष्कळ. ऑक्टोबर २०१८ मध्ये थॉमस फ्रँक व्यवस्थापक झाले आणि पहिल्या दहा सामन्यांपैकी आठ हरले. बहुतेक क्लबांनी तेवढ्यातच नवा माणूस शोधला असता, आणि पुढे सुधारणा झाल्यावर त्या नव्या माणसाच्या नावाने पुस्तके निघाली असती. ब्रेंटफर्डने फ्रँक यांना ठेवले. तो हंगाम संघाने अकराव्या स्थानावर संपवला, ऑगस्ट २०२० मध्ये फुलहॅमविरुद्धचा बढतीचा निर्णायक सामना गमावला आणि २९ मे २०२१ रोजी स्वान्सीला २-० ने हरवून ७४ वर्षांनी सर्वोच्च श्रेणीत पाऊल टाकले. तिथला त्यांचा पहिला सामना १३ ऑगस्टला झाला. समोर आर्सेनल होता. तोही ब्रेंटफर्डने २-० ने जिंकला.