व्याज नाही, मग भार कोणावर?

ईद किंवा दिवाळी जवळ आली की आपल्या मोर्शीच्या बाजारात दुकानांवर पाट्या झळकू लागतात : 'शून्य टक्के व्याज, सुलभ हप्ते'. मागच्या वर्षी आठवीतल्या एका मुलाने मला भर वर्गात विचारले, "सर, यात व्याज नाही, मग हे तर जायजच झाले ना?" त्याच्या घरी मोबाइल घेण्याचा विचार चालला होता. फतवा देणे हे माझे काम नव्हे. मी इतिहासाचा शिक्षक. पण प्रश्न मनात राहिला आणि त्याचे उत्तर मी माझ्या विषयात शोधू लागलो. शोधता शोधता एक गोष्ट ध्यानात आली. कर्जावर व्याज नसले तरी त्या कर्जाचा भार नाहीसा होत नाही, तो कोणीतरी उचललेला असतो. कोणी उचलला, हे पाहावे लागते.

दुकानावरच्या पाटीचेच घ्या. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्ये बँकांना स्पष्ट कळविले होते की शून्य टक्के व्याज अशी वस्तूच मुळात अस्तित्वात नाही. रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही, किंवा 'प्रोसेसिंग फी' म्हणून काही रक्कम आधीच कापली जाते. त्या मुलाला मी एवढेच सांगितले की रोखीचा भाव विचार, हप्त्यांची बेरीज कर आणि दोन आकडे शेजारी शेजारी मांड. दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला. फरक निघाला होता.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आपण कौतुकाने सांगतो. पण हा सोन्याचा मुलूख एकदा सबंधच्या सबंध कर्जापोटी गेला होता, हे किती पालकांना ठाऊक असेल? त्या काळी वऱ्हाड हैदराबादच्या निजामाकडे होते. इंग्रजांच्या आग्रहाने निजामाला 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची फौज पोसावी लागे. खर्च निजामाचा आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा! हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी नावाची सावकारी पेढी होती. तिला 1816 मध्ये निजाम सरकारशी देवघेव करण्याचा परवाना मिळाला आणि तिचे व्याज शेकडा चोवीस-पंचवीसच्या घरात होते. 1820 मध्ये याच पेढीच्या साठ लाखांच्या नव्या कर्जाला मंजुरी मिळाली. रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ हा स्वतः इंग्रज, पण त्याने हा व्यवहार उघडकीस आणला आणि 1824 मध्ये पेढी बुडाली.

पेढी बुडाली तरी फौज राहिली. तिचा पगार थकू लागला, ईस्ट इंडिया कंपनी तो उसना भरू लागली आणि बाकी वाढत गेली. शेवटी 21 मे 1853 च्या तहाने डलहौसीने निजाम नासिरुद्दौला यांच्याकडून वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रदेश फौजेच्या खर्चापोटी आपल्या ताब्यात घेतले. 1857 च्या धामधुमीत निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याचे बक्षीस म्हणून 1860 मध्ये पन्नास लाखांची बाकी माफ झाली, धाराशिव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी सोडले नाही. 1902 मध्ये कर्झनने सालीना पंचवीस लाख रुपयांवर ते कायमच्या पट्ट्याने घेतले. कर्ज फिटूनही गहाण माल परत मिळाला नाही, असे सावकारीचे उदाहरण आपल्याला दुसरे कुठे शोधायला नको.

आणि भार कोणी उचलला? दरबारात हिशेब झाले, पण सारा भरला तो मोर्शी, अचलपूर, अकोल्याच्या रयतेने. सरकारचा सारा नगदीत, ठरल्या तारखेला. कापूस हातात येण्याआधी तारीख आली की सावकाराचे दार. पेरणीला धान्य घेतले तर सवाई किंवा दिढी, म्हणजे एक पायली नेली तर सुगीला सव्वा नाहीतर दीड पायली परत. त्यात 1855 च्या कायद्याने व्याजाच्या दरावरची जुनी बंधनेही उठली होती.

थोडे विषयांतर होईल, पण येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हिंदू धर्मशास्त्रात 'दामदुप्पट' नावाचा नियम आहे. व्याजाची थकबाकी मुद्दलापेक्षा जास्त एका वेळी वसूल करता येत नाही. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हा नियम मानला, परंतु कर्जदार हिंदू असेल तरच. कर्जदार मुसलमान असेल तर त्याला या नियमाचा आधार नव्हता. ज्याच्या धर्मात व्याजच निषिद्ध, त्याच्यासाठी व्याजाची मर्यादा कशाला, असे न्यायाधीशांना वाटले असेल काय? तसे वाटून त्या कर्जदाराचे व्याज कमी झाले नसते, हे नक्की.

आपल्याकडे कर्जे-हसना म्हटले की पुष्कळांना वाटते, की हा तोंडी, भावनेचा मामला आहे. कुरआन शरीफात तसे नाही. सूरह बकराच्या 280 व्या आयतीत अडचणीतल्या कर्जदाराला मुदत देण्यास सांगितले आहे, आणि लगेच 282 व्या आयतीत, जी सबंध कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे, कर्ज लिहून ठेवण्याचा, मुदत ठरविण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा हुकूम आहे. दया आणि दस्तऐवज यांच्यामध्ये एकच आयत आहे. खुद्द पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी आपल्या घरासाठी मदिनेतील एका यहुद्याकडून जव उधार घेतले होते आणि त्यापोटी आपले चिलखत तारण ठेवले होते. त्यांच्या वफातीच्या वेळी ते चिलखत गहाणच होते, असे हदीसमध्ये नोंदलेले आहे. "आपल्यातल्या माणसाकडून कागद कशाला?" असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

हा विचार केवळ आपल्यापुरता नाही. विद्यार्थ्यांना गलिव्हरच्या सफरी ठाऊक आहेत. त्यांचा लेखक जोनाथन स्विफ्ट हा डब्लिनमधील चर्चचा डीन होता. त्याने आपले पाचशे पौंड बाजूला काढून गरीब कारागिरांना पाच-दहा पौंडांची बिनव्याजी कर्जे दिली. फेड आठवड्याच्या हप्त्याने, आणि जामीन हवाच. आपल्या देशात देवबंदचा मुस्लिम फंड 1961 पासून दागिन्यांच्या तारणावर बिनव्याजी कर्ज देत आला. ठेवीवरही व्याज नाही. कर्जाच्या फॉर्मची किंमत घेऊन कचेरीचा खर्च भागवितात. फॉर्मची किंमत कर्जाच्या रकमेबरोबर वाढत गेली तर ते काय होते, हा वाद जाणत्यांत चालत आला आहे आणि तो रास्त आहे.

आपल्याच जिल्ह्यातील पापळ येथे 1898 मध्ये जन्मलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव मध्यप्रांत-वऱ्हाडातील 1933 च्या कर्ज लवाद कायद्याशी जोडलेले आहे. सावकार व कुळाला समोरासमोर बसवून रक्कम आणि हप्ते ठरवून देणे, हे त्या कायद्याचे काम होते. आज त्यांच्याच नावाची व्याज सवलत योजना आहे. 2021 पासून तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्याला व्याज पडत नाही. ते सरकारी तिजोरीतून भरले जाते. मुदत चुकली की सवलत गेली, हे आपले संत्रा बागायतदार चांगले जाणतात.

पण मोर्शीच्या घराघरांत चालणारे खरे बिनव्याजी कर्ज म्हणजे भिशी. बारा बायका, दरमहा हजार रुपये, दर महिन्याला एकीला बारा हजार. आपण तिला बचत म्हणतो. नीट पाहिले तर पहिला नंबर लागलेली बाई अकरा हजारांची कर्जदार असते आणि शेवटच्या नंबरची बाई सावकार, तीही एक पैसा न घेणारी. मधल्या सगळ्या थोड्या कर्जदार, थोड्या सावकार. हल्ली काही ठिकाणी लिलावाची भिशी निघाली आहे. अडलेली बाई बारा हजारांऐवजी दहा हजारच उचलते, उरलेले दोन हजार बाकीच्या वाटून घेतात, आणि तिचे हप्ते मात्र पुरे बारा. नाव भिशीच, पण यात व्याज शिरले हे सांगायला मौलवीसाहेबांकडे जाण्याची गरज नाही.

माझ्या बी.एड.ची फी भिशीतूनच भरली गेली. प्रवेशाची मुदत जवळ आली तेव्हा आमच्या अम्मीचा नंबर अकरावा होता. मोहल्ल्यातल्या एका खालाचा दुसरा नंबर लागला होता. तो त्यांनी अम्मीला दिला आणि स्वतः अकरावा घेतला. त्या पैशांतून खाला घरावरची टिने बदलणार होत्या. तो सगळा पावसाळा त्यांच्या घरात पातेली मांडलेली मी पाहिली आहेत. अम्मीने एकही हप्ता चुकविला नाही. खालांच्या घरावर नवी टिने चढली ती पुढच्या उन्हाळ्यात, आणि ती वर चढवून द्यायला मी गेलो होतो.