मालेगावची 'शाया' आणि शिक्षकाचा कान : ध्वनींच्या अवबोधाच्या संशोधनाविषयी

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर मालेगाव लागते. नाशिक जिल्ह्यातील मोठ्या मालेगावापासून वेगळे ओळखता यावे म्हणून त्यास मालेगाव (जहांगीर) असे म्हणतात. या भागातील घरी वऱ्हाडी बोलणारे मूल पहिल्या इयत्तेत दाखल होते, तेव्हा ते पुष्कळदा शाळेत येत नाही. ते 'शायेत' येते. त्याचे डोळे 'डोये' असतात, केळ 'केय' असते आणि पाणी 'पानी' असते. प्रत्येक घरी व प्रत्येक तोंडी असेच ऐकू येईल असे नाही. शिक्षण, जात, वय आणि शेजारच्या मराठवाड्याशी असलेला संबंध यांप्रमाणे बोलीच्या छटा बदलतात. तथापि वऱ्हाडी बोलीत ळकाराच्या जागी यकार आणि णकाराच्या जागी नकार येतो, ही प्रवृत्ती सर्वपरिचित आहे. अशा मुलाने शुद्धलेखनाच्या वहीत 'शाया' लिहिले, की वर्गातून एक ठराविक आज्ञा ऐकू येते : 'नीट ऐक.'

या दोन शब्दांत एक संपूर्ण मानसशास्त्रीय सिद्धान्त गृहीत धरलेला आहे. ध्वनी बाहेर असतो, कान तो जसाच्या तसा आत घेतो, आणि लेखनात चूक झाली तर ती कानाच्या दुर्लक्षामुळे झाली, असा तो सिद्धान्त होय. अवबोधाविषयीच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या संशोधनाने तो जवळजवळ पूर्णपणे मोडीत काढला आहे. शाळेच्या व्यवहारात मात्र तो अद्याप टिकून आहे.

आपल्या परंपरेला हा प्रश्न अपरिचित नव्हता. पतंजलीने महाभाष्यात शब्दाचे लक्षण सांगताना तो कानाने उपलब्ध होतो असे म्हटले, आणि लगेच तो बुद्धीने ग्रहण केला जातो असेही जोडले. श्रवण आणि ग्रहण या दोन क्रिया त्याने वेगळ्या मानल्या, हे लक्षणीय आहे. त्याच ग्रंथाच्या आरंभी दोन कथा आहेत. एकीत असुर रकाराच्या जागी लकार उच्चारतात आणि पराभूत होतात. दुसरीत काही ज्ञानी ऋषी रोजच्या बोलण्यात अपभ्रष्ट उच्चार करतात, इतके की त्या उच्चारांवरूनच त्यांचे नाव पडते. परंतु यज्ञकर्मात ते तसे बोलत नाहीत, म्हणून त्यांना दोष लागत नाही. आपल्या शिक्षणपद्धतीने यांपैकी पहिली कथा तेवढी लक्षात ठेवली, असे म्हणावेसे वाटते.

आधुनिक संशोधनाचा आरंभ मात्र अन्य दिशेने झाला. फेक्नरने १८६० मध्ये मनोभौतिकीचा पाया घातला आणि वुण्टने १८७९ मध्ये लाइपझिग येथे प्रयोगशाळा उभारली. त्या काळी वेदनाची मात्रा मोजणे हे मुख्य कार्य होते. प्रकाश किती वाढला म्हणजे फरक जाणवतो, दोन स्वरांत किती अंतर असले म्हणजे ते वेगळे वाटतात, हे प्रश्न विचारले जात. ऐकणाऱ्याची मातृभाषा कोणती, हा प्रश्न त्या मोजमापात उद्भवतच नव्हता.

तो उद्भवला १८८९ मध्ये, आणि तोही प्रयोगशाळेबाहेर. अमेरिकेतील आदिवासींच्या भाषांत ध्वनी अस्थिर असतात, एकच शब्द ते लोक कधी असा तर कधी तसा उच्चारतात, असे त्या वेळचे काही अभ्यासक सांगत आणि यास त्या भाषांच्या अप्रगत अवस्थेचे लक्षण समजत. फ्रान्झ बोआस यांनी १८८३-८४ मध्ये बॅफिन बेटावरील एस्किमो लोकांत वास्तव्य केले होते. स्वतःची टिपणे तपासताना त्यांना आढळले, की एकच शब्द आपण निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या तऱ्हेने लिहिला आहे. बोलणारा अस्थिर नव्हता. ऐकणारा परका ध्वनी कधी आपल्या एका परिचित ध्वनीत बसवीत होता, कधी दुसऱ्या. अन्य संग्राहकांच्या चुका त्यांच्या त्यांच्या मातृभाषेप्रमाणे बदलतात, हेही त्यांनी दाखविले. पाण्याच्या रंगावर प्रबंध लिहून आलेल्या या भूगोलाच्या अभ्यासकाने दोष बोलणाऱ्याच्या जिभेवरून काढून ऐकणाऱ्याच्या कानाकडे नेला. 'नीट ऐक' ही आज्ञा प्रथम संशोधकालाच लागू पडली!

पुढे पोलिवानोव्ह यांनी १९३१ मध्ये परभाषेतील ध्वनींच्या अवबोधाविषयी लिहिताना हाच विचार नियमबद्ध केला. त्रुबेत्स्कॉय यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात मातृभाषेच्या ध्वनिव्यवस्थेस चाळणीची उपमा दिली. मराठीच्या अभ्यासकास या चाळणीचे महत्त्व सहज पटावे. झ्यूल ब्लॉक यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात मराठीची घडण मांडली आहे. तीनुसार दोन स्वरांमधील एकेरी लकार मराठीत ळकार झाला आणि जोडलकाराचा लकार राहिला. म्हणून 'फल' याचे फळ झाले, परंतु 'गल्ल' याचा गालच राहिला. त्याच रीतीने 'पानीय' याचे पाणी झाले आणि 'कर्ण' याचा कान. वऱ्हाडीने या वारशाची मांडणी पुन्हा बदलली. तिने ळकार यकारात मिळविला व णकार नकारात मिळविला. यात आळस नाही, अव्यवस्थाही नाही. शब्दामागून शब्दांत सारखाच घडणारा तो नियमित ध्वनिबदल आहे. या बदलामुळे गाळ आणि गाय हे शब्द समध्वनी होतात हे खरे. परंतु नदीतला 'गाय' उपसला असे म्हटल्यावर गाईचा भास कोणाला होत नाही. लिंग, क्रियापद आणि प्रसंग अर्थाची राखण करतात.

ही चाळणी केव्हा तयार होते, याचे उत्तर प्रयोगांनी दिले. अमेरिकेतील हॅस्किन्स प्रयोगशाळेत लिबरमन आणि त्यांचे सहकारी यांनी १९५७ मध्ये कृत्रिम उच्चार वापरून दाखविले, की ध्वनीत क्रमाक्रमाने सारखा बदल केला तरी कान तो क्रमाक्रमाने ऐकत नाही. एका मर्यादेपर्यंत 'ब' आणि तिच्यापलीकडे एकदम 'ड' ऐकू येतो. १९७१ मध्ये आयमस प्रभृतींनी एक व चार महिन्यांच्या अर्भकांतही ब-प यांसारखा भेद ओळखण्याची क्षमता असल्याचे दाखविले. त्यानंतरचा वर्कर आणि टीस यांचा १९८४ चा प्रयोग आपल्याला विशेष जवळचा आहे, कारण त्यात हिंदीतील दंत्य व मूर्धन्य तकार-टकारांचा भेद वापरला होता. इंग्रजी भाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बालकांना तो भेद ऐकू आला. दहा ते बारा महिन्यांच्या बालकांपैकी फार थोड्यांना आला. वर्ष पूर्ण होण्याच्या सुमारास मूल आपल्या भाषेला निरुपयोगी असलेल्या भेदांकडे लक्ष देणे सोडू लागते. हा ऱ्हास नव्हे, हे शिक्षण आहे. घरची भाषा शिकण्याची ती पहिली पायरी होय.

तेव्हा मालेगावच्या मुलाला ळकार ऐकूच येत नाही, असा निष्कर्ष काढावा काय? येथे घाई उचित नव्हे. बर्को आणि ब्राउन यांनी १९६० मध्ये एका इंग्रजी भाषक बालकाचे उदाहरण नोंदविले. ते आपल्या खेळण्यातील माशाला 'फिश'ऐवजी 'फिस' म्हणे. परंतु मोठ्या माणसाने 'फिस' म्हटले की ते चूक असल्याचे सांगे. म्हणजे तोंडून भेद येत नसला तरी कानाला तो कळत होता. वऱ्हाडी मुलाच्या कानावर ळकार आकाशवाणीवरून, दूरदर्शनवरून, पाहुण्यांकडून आणि स्वतः गुरुजींच्या तोंडून सतत पडत असतो. त्याला भेद ऐकू येत असूनही तो उच्चारीत नसेल. किंवा ऐकूही येत असेल, उच्चारताही येत असेल, पण कोणत्या शब्दात ळ व कोणत्या शब्दात य हे ठाऊक नसेल. या तीन अवस्था भिन्न आहेत व तिन्हींवरील उपायही भिन्न आहेत. वहीतील लाल रेघ मात्र तिन्हींना एकच समजते.

अशा गल्लतीचे मोल किती मोठे असू शकते, हे अमेरिकेच्या अनुभवावरून दिसते. वेपमन यांची श्रवणभेद-चाचणी १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन शब्द ऐकवावयाचे आणि मुलाने ते 'सारखे' की 'वेगळे' हे सांगावयाचे, अशी तिची रीत. काही जोड्या केवळ शब्दांतीच्या 'थ'सारख्या व 'फ'सारख्या ध्वनींच्या भेदावर उभ्या होत्या, आणि अनेक कृष्णवर्णीय मुलांच्या बोलीत तो भेद त्या स्थानी लोप पावतो. त्या मुलांनी 'सारखे' असे उत्तर दिले म्हणजे आपल्या बोलीच्या दृष्टीने बरोबर उत्तर दिले. गुणपत्रिकेत मात्र ती श्रवणातील न्यूनता म्हणून नोंदली जाऊ शकत होती. भाषाशास्त्रज्ञांनी या प्रकारच्या निष्कर्षांवर आक्षेप घेतले. १९७९ मध्ये ॲन आर्बर येथील शाळेच्या खटल्यात न्यायाधीश जॉइनर यांनी वाचन शिकविताना मुलांची घरची बोली विचारात घेणे शिक्षणखात्याचे कर्तव्य असल्याचा निर्णय दिला.

आपल्याकडे या प्रश्नाला लिपीमुळे आणखी एक पदर आहे. मराठी लेखन उच्चारानुसारी आहे, अशी समजूत असल्यामुळे लेखनातील प्रत्येक चूक ऐकण्याची चूक ठरते. वस्तुतः पुण्यातील सुशिक्षित घरचे मूलही श आणि ष यांत कानाने भेद करीत नाही, कारण प्रमाण बोलण्यातही तो भेद सामान्यतः उरलेला नाही. षट्कोण ते मूल डोळ्याच्या स्मरणाने लिहिते. शब्दाच्या अंती येणारे इकार-उकार दीर्घ लिहावेत, हेही त्यास नियमाने सांगावे लागते. पुण्याच्या मुलाने षकार चुकविला तर ती 'लेखनाची चूक' आणि मालेगावच्या मुलाने ळकार चुकविला तर ती 'कानाची, किंबहुना संस्काराची चूक', या भेदाला ध्वनिशास्त्रात आधार नाही. त्याचा आधार अन्यत्र शोधावा लागेल, आणि तो फार दूर नाही.

याचा अर्थ प्रमाण लेखन शिकवू नये असा नाही. प्रौढ जपानी भाषकांना इंग्रजीतील र-ल हा भेद शिकविणे शक्य आहे, असे लोगन, लाइव्हली व पिझोनी यांनी १९९१ मध्ये दाखविले. त्यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य हे, की शिकणाऱ्यास अनेक व्यक्तींच्या आवाजातील अनेक शब्द ऐकविले आणि प्रत्येक उत्तरानंतर बरोबर-चूक सांगितले. एकाच गुरुजींनी तोच शब्द वाढत्या आवाजात पुन्हा पुन्हा उच्चारणे, ही पद्धती त्यात बसत नाही.

मालेगाव परिसरातील शाळांत पदव्युत्तर विद्यार्थ्यास सहज करता येईल अशी पाहणी यातून सुचते. गाय-गाळ, माय-माळ, पाय-पाळ या जोड्या चार-पाच भिन्न आवाजांत ध्वनिमुद्रित कराव्यात. मुलाने 'सारखे' की 'वेगळे' एवढेच सांगावे. दुसऱ्या टप्प्यात गाईचे व गाळाचे चित्र पुढे ठेवून ऐकलेल्या शब्दाचे चित्र दाखविण्यास सांगावे. तिसऱ्या टप्प्यात त्याच शब्दांचे श्रुतलेखन घ्यावे. तिन्ही टप्प्यांची उत्तरे प्रत्येक मुलागणिक वेगळी मांडावीत, त्यांची बेरीज करू नये. आणि चाचणी घेणाऱ्याच्या स्वतःच्या घरची बोली कोणती, हेही तक्त्याच्या पहिल्या रकान्यात लिहावे.